अंग कुणी चोरलं?

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या — शेजारच्यानं अंग चोरलं, हे आपण ठरवतो कशावरून? हसू नका मावशी, जावेचं नाव ओठावर आलं ना?

ऐका तर. कृष्णाकाठचं गाव, श्रावणातल्या होड्यांच्या शर्यती. अहाहा, काय दिवस होते ते! दोन्ही काठांवर माणूस मावत नसे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच जोडी — भरमू आणि आदगोंडा! होडी एक, वल्ही दोन — एकाचं डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं. भरमू मागं, आदगोंडा पुढं, होडीच्या नाकाशी. नाकाची जागा मानाची बरं का! त्या जागेसाठी लोक भांडायचे. ही दोघं कधी भांडली नाहीत. होडी अशी सरळ जायची की बघणाऱ्यानं भाकरी खायची विसरावी.

आणि एका वर्षी, शेवटच्या फेरीत, होडी वळली — थेट लव्हाळ्यात! भरमू म्हणाला, आद्यानं अंग चोरलं. आद्या म्हणाला, भरम्यानं. झालं, बोलणं बंद! पोरांची लग्नं झाली, केस पिकले, तरी एकाच पारावर पाठीला पाठ लावून बसायचे. एवढा हट्ट नामस्मरणात धरला असता तर — जाऊ द्या.

आता भरमूआजोबा लेकाकडं बंगळूरला निघाले, कायमचे. आणि त्याच आठवड्यात गावच्या तालमीत वल्ह्याचं यंत्र आलं. पाणी नाही, होडी नाही, जमिनीवर बसून दांडा ओढायचा! समोरच्या पडद्यावर दिसते — प्रत्येक ओढीला जोर किती लागला, आणि कधी लागला, त्याची रेघ. आजोबांना वाटलं, जायच्या आधी एकदाचा निकाल लागू दे. निरोप धाडला. आदगोंडा आले, तोंड फिरवूनच आले.

धोतरं खोचून दोघांनी ओढलं. जोर? दोघांचा सारखाच! पण तिथं शिकवणाऱ्या राजमतीताई रेघांकडं बघतच राहिल्या. भरमूची रेघ सुरुवातीलाच उंच, मग उतरलेली. आदगोंडाची हळूहळू चढत शेवटी उंच. ताईंनी एवढंच विचारलं, "हरलात त्या दिवशी बसला कसे होतात?"

मग आदगोंडा हळूच बोलले, "भरम्याला त्या आठवड्यात लेक झालता. म्हणून माझी मानाची जागा मीच त्याला दिली."

ताईंनी समजावून सांगितलं. सुरुवातीचा जोर नाकाशी लागला, तर तो होडीला जास्त फिरवतो. मागच्यानं आधी जोर धरायचा, नाकाशी बसलेल्यानं शेवटी, तर होडी सरळ. जागा बदलल्या, दोघांचा जोर एकमेकांच्या आड आला, नाक वळलं. अंग कुणीच चोरलं नव्हतं, मंडळी!

भरमूआजोबा यंत्रावरून उठेनात. डोळे गळायला लागले. म्हणाले, "आद्या, तू मला मान दिलास, आन् मी जन्मभर तुला चोर म्हणत आलो." आदगोंडांनी त्यांचा हात धरला. संध्याकाळी दोघं घाटावर गेले आणि जुन्या शर्यती एकेक करून पुन्हा जिंकले.

सकाळी स्टेशनला जायला रिक्षा आली. आदगोंडा सोडायला निघाले, ते पटकन चालकाशेजारी बसले. म्हणाले, "भरम्या, तू मागंच बस."

आता सांगा, घरात ज्याला आपण कामचुकार म्हणतो, त्याची जागा कोणती होती? तिथून त्याला उठवलं कुणी? बहुतेक आपणच, आणि तेही मायेनं. चला, हात वर करा, नाव घ्या पांडुरंगाचं. ज्यांचा अबोला आहे त्यांनी शेजारी बसून घ्या. मावशी, उठा. जाऊबाई तिकडं खांबाशी एकट्याच बसल्यात.