पलंगाशेजारची बिअर

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरात, जानेवारीच्या भर उन्हाळ्यात, घरी बिअर करायच्या सामानाच्या दुकानात, माझ्यापुढे रांगेत एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात माल्टचा डबा होता.

"पुन्हा बिअर? डेस, डॉक्टरांनी तुझं पिणं बंद केलंय ना?"

"शेजाऱ्यांना वाटेन."

"मग बिअर आंबवायचं पिंप शेडमध्ये ठेव. आपल्या पलंगाशेजारी कशाला?"

"शेडची भट्टी झालीय, मर्ल. यीस्ट तापलं की बिअरला नेलपॉलिशचा वास मारतो."

"म्हणून दिवसभर एसी चालू. वीज काय फुकट येते?"

"बिअरला थंड लागतं."

"मोठे लाड बिअरचे."

"अगं, उन्हानं तुला घेरी येते. पण नुसतं तुझ्यासाठी म्हणून एसी लावू दिलास कधी?"

मर्लनं त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"दोन डबे घे. मार्चपर्यंत ऊन आहे."