लुरिंगच्या रांगेत

मनिलाच्या एका चर्चबाहेर लुरिंग पास्कुवालचं शेवटचं दर्शन घ्यायला भर उन्हात रांग लागली होती. टीव्हीवर तीस वर्षं फटकळ मोलकरीण होऊन या बाईनं अख्खा देश हसवला होता. त्याच रांगेत उभ्या असलेल्या दादिंगच्या पुढे दोन खऱ्या मोलकरणी बोलत होत्या.

"इसिंग, मालकिणीला काय थाप मारून आलीस?"

"दाढ दुखतेय म्हटलं, ताई."

"लाज नाही वाटत? लुरिंग तोंडावर बोलायची."

"तिला संवाद लिहून द्यायचे. माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात इसिंगचा फोन वाजला.

"मेले! मॅडमच. टीव्हीवर रांग दाखवताहेत, मी दिसले असणार."

"उचल. आणि खरं बोल."

"हो मॅडम, ती मीच. दाढ ठणठणीत आहे... लगेच? नाही जमणार. मयतावरून सरळ घरी आलं की भूत मागोमाग येतं, वाटेत कुठंतरी थांबावं लागतं. तुमच्याच घरासाठी सांगतेय... काय? लुरिंग तुमचीपण लाडकी?"

दादिंगनं कान टवकारले.

"पुढं जागा धरू? नाही मॅडम, रांग मागूनच लागते. या ना, जरूर या. ऊन फार आहे, छत्री आणा. आणि आज ती स्वतःच धरा."