वजनाआधीचे दोन दिवस

(म्हापशातलं इस्पितळ, पहिला मजला. दुपारचा एक वाजून गेलाय. बाकावर सुशीला, मुलींच्या कबड्डी संघाची व्यवस्थापक. समोर संघटनेचे सचिव कृष्णनाथ सर, नुकतेच जिना चढून आलेले.)

सुशीला : ...तर दुसऱ्यांदा विचारलं डॉक्टरीणबाईंनी, हिने काही औषध घेतलं होतं का म्हणून. तेव्हाही मी गप्पच राहिले, सर.

कृष्णनाथ : प्रशिक्षक म्हणून रुद्रेश होता ना सोबत? तो काय म्हणाला?

सुशीला : तोच बोलला. काही नाही, ऊन लागलंय, सकाळी नीट खाल्लं नाही. बोलताना डोळे माझ्याकडे. मग तीनला मॅच आहे म्हणून निघून गेला पेडण्याला. बाकीच्या मुली तिथे मैदानावरच आहेत.

कृष्णनाथ : थांब. मला फोनवर एवढंच कळलं, की सेजल मैदानात पडली. डिचोलीहून इथवर येईपर्यंत मी दुसरा विचारच केला नाही. आता पहिल्यापासून सांग. माझ्या वर्गात सांगायचीस तशी, न गडबडता.

सुशीला : पहिल्यापासून म्हणजे परवापासून. पेडण्याच्या शाळेत उतरलो, मुली हॉलमध्ये, मी त्यांच्यासोबत. पंचावन्न किलोच्या गटात तिघी जड निघाल्या. सेजल, आपली मयेची संजना आणि भाग्यलक्ष्मी. सेजल तर सव्वादोन किलोने वर. रुद्रेशने तिघींना प्लास्टिकचे रेनकोट घालून पळवलं, भर उन्हात. मग तोंडात चिंच धरून थुंकायला लावलं. न्हाणीतल्या नळाची चावी काढून खिशात घातली. मी म्हटलं, पोरींना घोटभर तरी पाणी दे. तो म्हणाला, मॅडम, हे सगळीकडे असंच करतात, तुम्ही नवीन आहात.

कृष्णनाथ : हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. पळवतो, घाम काढतो, एवढं ऐकून होतो. आणि औषध?

सुशीला : ही बघा. अर्धी पट्टी उरलीय. पर्समध्ये घेऊन बसलेय सकाळपासून.

कृष्णनाथ : ही तुझ्याकडे कशी?

सुशीला : त्याने दिली. पोट साफ व्हायची गोळी आहे म्हणाला. सकाळ-संध्याकाळ एकेक. पुरुषाने मुलींना काही दिलेलं नियमात बसत नाही, बाईच्या हातून गेलं पाहिजे, असं म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं सर. म्हटलं, बघा, नियम पाळतोय माणूस.

कृष्णनाथ : म्हणजे मुलींना तू दिल्यास.

सुशीला : तिघींना. दोन दिवस. सेजलला काल संध्याकाळी दोन दिल्या, तिचा काटा उतरत नव्हता म्हणून. ती म्हणत होती, मॅडम, पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. मी तिचे पाय चोळून दिले आणि वर दुसरी गोळी दिली.

कृष्णनाथ : ही लघवीची गोळी आहे सुशीला. अंगातलं पाणी काढते. माझ्या आईला पायावर सूज असायची तेव्हा ही लिहून देत. अर्धी घ्यायची, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

सुशीला : आता कळलं मला. पाठीमागचं नाव फोनवर शोधलं, तिला आत नेल्यावर.

कृष्णनाथ : सकाळी वजन किती आलं तिचं?

सुशीला : चोपन्न आठशे. रुद्रेशने टाळ्या वाजवल्या. ती हसलीसुद्धा. अर्ध्या तासाने पहिल्याच चढाईला गेली, आणि रेषेला पाय लावायच्या आधी खाली बसली. आम्हाला वाटलं घसरली. मग डोळे फिरवले. अँब्युलन्समध्ये माझं मनगट धरून म्हणाली, मॅडम, गोळीचं सांगू नका, मला संघातून काढतील. तेवढंच बोलली. त्यानंतर काही बोललीच नाही.

कृष्णनाथ : आता कशी आहे?

सुशीला : छातीला वायरी लावल्यात. काळजाचे ठोके मध्येच चुकतात म्हणे. कशामुळे ते त्यांना कळत नाहीय, म्हणून पुन्हा रक्त नेलं. मला कळतंय कशामुळे, आणि मी इथे बाकावर बसलेय. दार उघडलं की वाटतं, आता बाहेर येऊन सांगणार, गेली म्हणून.

कृष्णनाथ : हळू बोल. इथे डिचोलीची माणसं येतात-जातात.

सुशीला : येऊ देत.

कृष्णनाथ : तसं नव्हे. जरा शांतपणे विचार करू. रक्ताच्या तपासणीत त्यांना सापडेलच काय ते.

सुशीला : आणि तोवर?

कृष्णनाथ : तू नीट ऐक. या प्रकारच्या गोळ्या बंदीच्या यादीत आहेत. खेळाडूच्या अंगात सापडल्या की दोष खेळाडूचा. कोणी दिल्या हे नंतर. सेजललाच दोन-चार वर्षं बाहेर बसवतील. पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या हिताचं काय ते बघायला नको?

सुशीला : जिवंत राहिली तरच ना बंदी.

कृष्णनाथ : असं अभद्र बोलू नकोस.

सुशीला : मला माफ करा. पण तुम्ही तिच्यासाठी बोलताय असं मला वाटत नाही. मी पण तिच्यासाठी गप्प नव्हते. मला पोलीस दिसत होते. माझी बालवाडीतली नोकरी दिसत होती. सकाळी न्याहारीला उंडा-भाजी वाढणाऱ्या बाईने पोरींना गोळ्या दिल्या, असं लोक बोलताना दिसत होते. तुम्हाला कसलं भय वाटतंय, ते तुम्ही सांगा.

कृष्णनाथ : बसू का मी इथे?

सुशीला : बसा.

कृष्णनाथ : आपलं ते बालसंरक्षणाचं धोरण. आठ पानांचं. वरून मागितलं, त्याशिवाय मान्यता नव्हती, म्हणून मीच टाइप करून घेतलं. तक्रार आली तर व्यवस्थापक बाईंकडे, तिथून सचिवांकडे, सात दिवसांत चौकशी. तिसऱ्या पानावर तुझी सही आहे.

सुशीला : तुम्ही म्हणालात, इथे सही कर. मी केली. एक बाई पाहिजे होती म्हणून मला घेतलं, हे मला ठाऊक आहे. मी ते वाचलं नाही.

कृष्णनाथ : मी वाचलं होतं. गेल्या मे महिन्यात तारा माझ्या घरी आली होती. स्नेहाची आई.

सुशीला : स्नेहा? चांगली पकड करायची ती. आपणहून सोडलं ना तिने?

कृष्णनाथ : आपणहून नाही. ताराने पत्र आणलं होतं. वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पोरीच्या पायात गोळे येतात, चक्कर येते, सर काहीतरी गोळी देतात. मी रुद्रेशला बोलावलं. तो हसला. म्हणाला, मुलगी आळशी आहे, आईला निमित्त पाहिजे. त्या साली आपला संघ राज्यात दुसरा आला होता. सत्कार ठरला होता. मी पत्राला भोक पाडून फाइलला लावलं. सात दिवस गेले, मग स्नेहाच यायची थांबली. मी स्वतःला सांगितलं, बरं झालं, प्रकरण मिटलं.

सुशीला : म्हणजे तुम्हाला वर्षभर माहीत होतं.

कृष्णनाथ : होय. आज जिना चढताना मी एकच गोष्ट घोकत होतो. औषधाचं काही नसू दे. सेजल बरी असू दे, हे त्याच्यानंतर आलं माझ्या मनात. शाळेत छत्तीस वर्षं काढली मी.

सुशीला : सर, संजना आणि भाग्यलक्ष्मी.

कृष्णनाथ : त्यांचं काय?

सुशीला : त्यांनीही त्याच गोळ्या घेतल्यात. तीन वाजता उतरणार त्या मैदानात. सेजल नाही म्हणून संजनालाच चढाईला पाठवणार. आता किती वाजले?

कृष्णनाथ : दोनला दहा कमी.

सुशीला : मी आत जाते. तुम्ही फोन लावा.

कृष्णनाथ : पट्टी घेऊन जा. कधी किती दिल्या, सगळं सांग. काही गाळू नकोस. आणि सुशीला, गोळ्या आमच्या संघटनेच्या प्रशिक्षकाने आणल्या, असं सांग. तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नकोस.

सुशीला : माझ्या हातून गेल्या तेही सांगणार.

कृष्णनाथ : जा... हॅलो. विठ्ठल? कृष्णनाथ बोलतोय. पंचप्रमुख तूच आहेस ना आज? ऐक. तीनच्या सामन्यातून आमचा संघ माघार घेतोय. होय, उपांत्य फेरी आहे, ठाऊक आहे मला. नाही, सेजल बरी नाही, पण कारण ते नव्हे. लिहून घे. मुलींचं वजन उतरवायला औषध दिलं गेलं. नाही, शिसपेन्सिलीने नको, पेनाने लिही. खाली माझं नाव घाल, मी येऊन सही करीन. आणि आमच्या संजनाला आणि भाग्यलक्ष्मीला आत्ता सावलीत बसव, पळू देऊ नकोस, आणि तुझ्याच गाडीत घालून इथे म्हापशाला आण. रुद्रेशच्या नको. तुझ्या. तो शेजारीच उभा आहे? दे त्याला... रुद्रेश. होय, मीच सांगितलं. होय, पट्टी आता डॉक्टरांकडे आहे. ओरडू नकोस, मला ऐकू येतं. ताराचं पत्र? आहे माझ्याकडे, आणि ते मीही देणार. माझं नाव येईल त्यात, येऊ दे. घाबरलोय, होय, खूप घाबरलोय. नळाची चावी शाळेच्या शिपायाकडे दे आणि मुलींपासून लांब राहा. विठ्ठल आहे तिथे, तो बघतोय.

सुशीला : सांगून आले.

कृष्णनाथ : काय म्हणाल्या?

सुशीला : पट्टी घेतली, नाव वाचलं, नर्सला हाक मारली आणि सलाईन बदललं. मग मला विचारलं, हे अकरा वाजता का नाही सांगितलं. मी म्हटलं, भ्याले. त्यांनी तेही कागदावर लिहिलं.

कृष्णनाथ : आणि मुलगी?

सुशीला : अंगातले क्षार उतरलेत म्हणे फार. आता काय द्यायचं ते कळलं. उद्यापर्यंत ठोके बघायच्या यंत्रावर ठेवणार. वाचेल का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आता बरीच आशा आहे. आणखी दोघींनी घेतल्यात हेही सांगितलं, त्यांनाही आणा म्हणाल्या, खाटा तयार ठेवतायत. संजनाचं काय झालं?

कृष्णनाथ : विठ्ठल घेऊन येतोय. रुद्रेशने फोन आपटला बहुतेक. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात माणसं जमतील. मैदान त्याने उभं केलं, रोलर त्याने ओढला, हे सगळं खरंच आहे. लोक मला विचारतील, एवढं करणाऱ्या माणसाचं तुम्ही काय केलंत.

सुशीला : सर, ती आली.

कृष्णनाथ : कोण?

सुशीला : शेवंती. सेजलची आई. जिन्यावर बघा, सुर्लाहून थेट शेतातूनच आलीय. नवरा ट्रक घेऊन गेलाय, एकटीच आहे.

कृष्णनाथ : तू बस. मी बोलतो तिच्याशी. मी सांगेन.

सुशीला : नको सर. तुम्ही खाली जाऊन दोघींची वाट बघा. हे मला सांगायचंय.

शेवंती : बाई, माझा चेडू, माझी सेजल खंय असा? वॉचमनान सांगल्यान पयलो मजलो. कोण कायच सांगणा नाय. जीव असा मा तिचो?

सुशीला : आहे, शेवंतीबाय. आत आहे. श्वास नीट आहे. आता बरीच आशा आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू अगोदर बस.

शेवंती : बसूक नको माका. झाला काय तिका? परवा घरातून जाताना पेज केलंय, तर तिना खाल्ल्यान नाय. म्हणाली, आये, वजन उतरवचा असा. मी म्हटलंय, सर सांगतत तर ऱ्हव दे.

सुशीला : वजन उतरायला तिला गोळ्या दिल्या होत्या. अंगातलं पाणी काढणाऱ्या. त्यामुळे झालं हे.

शेवंती : कोणी दिल्यान?

सुशीला : रुद्रेशने आणल्या.

शेवंती : दिल्यान कोणी, ता विचारतंय.

सुशीला : मी दिल्या. तिच्या तळहातावर मी ठेवल्या. कसल्या ते मी विचारलं नाही. तिला त्रास होतोय असं ती मला म्हणाली, तरी दिली.

शेवंती : मी तिका तुमच्यावांगडा धाडलंय. तिचो बापूस म्हणा होतो, पेडण्याक रात्री ऱ्हवाचा, नको. मी म्हटलंय, बाई असत वांगडा.

सुशीला : होय. मी सोबत होते.

शेवंती : डॉक्टरांका ह्या सांगलास?

सुशीला : सांगितलं.

शेवंती : कधी?

सुशीला : आत्ता. दोनच्या सुमाराला.

शेवंती : आणि तिका हय कधी हाडलास?

सुशीला : अकराला आणलं.

शेवंती : अकराक.

सुशीला : मला भय वाटलं, शेवंतीबाय.

शेवंती : माका आत सोडतले?

सुशीला : एकीलाच सोडतात. चपला इथे काढ. डावीकडची दुसरी खाट.

शेवंती : तुम्ही हयसरच बसा. खंय जाव नकात. मी भायर इलंय काय माका तुमच्याशी बोलूचा असा.