कारल्याचा पडदा

नाही, मला एवढंच सांगा, पाणी कुणी घातलं? बाकीचं सगळं सोडा. पाणी कुणी घातलं? मी! या कुरामोचीनं! सकाळ-संध्याकाळ, कंबर धरून, तांदळाचं धुवण म्हणून मोरीत जाऊ दिलं नाही, सगळं त्या कारल्याच्या वेलाला पाजलं... आणि पहिला नंबर कुणाचा? शेजारच्या शिइनाचा! ज्यानं जन्मात चहाच्या किटलीशिवाय कशात पाणी ओतलं नाही, त्याचा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उन्हानं बिघडला. आणि बिघडलोही असतो हो, आमच्या कुमागायाचा उन्हाळा म्हणजे काय थट्टा आहे? तापण्यात अख्ख्या जपानात नाव आहे गावाचं! तर मे महिन्यात आमच्या वसाहतीचा पर्यावरण मेळावा असतो. इकडे जुन्या कपड्यांची अदलाबदल, तिकडे ओल्या कचऱ्याचं खत, आणि मधोमध माइक धरून उबुकाताबाई. आमच्या वसाहतीच्या मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्त आपल्या कागदावरच. त्या म्हणाल्या, "प्रत्येकानं गॅलरीला जाळी बांधा, कारल्याचा वेल चढवा, घर गार ठेवा! एसी लावायचाच झाला तर अठ्ठावीसच्या खाली कुणी जायचं नाही! आणि उन्हाळा संपता ज्याचा पडदा सगळ्यात दाट, त्याला बक्षीस!" रोप फुकट, जाळी फुकट. मग म्हणाल्या, "कुणी दोन शब्द बोलणार?"

आता मला कुणी सांगितलं होतं उठायला? पण उठलो. माइक हातात आला की माझी जीभ माझी राहत नाही. म्हणालो, "या उन्हाळ्यात कुरामोचींच्या घरी एसी बंद! आणि पहिला आलो, तर भिंतीवरनं काढून पुढच्या मेळाव्यात देऊन टाकीन!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! एकटी फुमिए, म्हणजे आमची ही, टाळी वाजवत नव्हती. मला वाटलं, हातात रोप आहे म्हणून.

शिइनाचं रोप आठवड्यात मेलं. एकटा माणूस, बायको गेलेली, सदा गळ टाकून नदीवर. मला म्हणतो, "कुरामोचीसान, माझं रोप गेलं बुवा! मासे धरायला गेलो आणि विसरलोच!" राहिली नुसती रिकामी जाळी. आणि माझा वेल? बघत राहावं असा! उबुकाताबाईंनी सांगितल्याप्रमाणे शेंडा खुडला, तर हे फुटवे फुटले... आणि सगळे निघाले डावीकडे! दोन गॅलऱ्यांमधल्या पत्र्याला वळसा घालून, कठड्यावरनं, थेट शिइनाच्या जाळीवर! मी रोज सकाळी कठड्यापाशी हाताला लागेल त्या एकेकाला समजावून, हाताला धरून घरी आणायचो, दुपारी जेवून जरा पडायचो, उठून बघतो तर स्वारी परत शेजारी! शाळा चुकवणारं पोर बरं हो! फुमिएला विचारलं, "अगं, हा तिकडेच का पळतो?" तर म्हणते कशी, "अहो, त्यांचं कोपऱ्यातलं घर. ऊन जास्त. वेलाला कळतं." मला पटलं.

जुलै उजाडला, आमच्याकडचा ऐन उन्हाळा. घराची झाली भट्टी. मी टबात पाय सोडून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलोय, शब्द म्हणजे शब्द, आणि फुमिएचा पत्ता नाही. तेवढ्यात पत्र्यापलीकडून हसण्याचा आवाज! "अगंबाई शिइनासान, तुमच्याकडे काय गार वाटतं हो!" आणि तो, "बसा की फुमिएसान, जवाचा चहा थंडगार आहे!" माझ्या वेलाच्या सावलीत! माझीच बायको! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! मी ओरडलो, "फुमिए!" तर पलीकडून काय उत्तर यावं? "अहो, तुमच्या वेलावर लक्ष ठेवायला आलेय!"

तुम्हीच सांगा, पाणी कुणी घातलं? मी कठड्यावरनं वाकून बघितलं, तर शिइनाच्या जाळीवर जागोजाग गुलाबी लोकरीच्या नाजूक गाठी. मनात म्हटलं, बघा, एकटा राहतो पण केवढी टापटीप. त्या दिवसांत फुमिए घरी नातीची टोपी विणत होती, त्याच गुलाबी लोकरीची! मला डोळे होते हो, पण त्यांच्यावर ओला टॉवेल होता.

निकालाच्या दिवशी परीक्षक खाली अंगणात, माना वर. माझ्या गॅलरीत चार पिवळी पानं, माझ्या डोक्यावर केस आहेत तेवढीच. आणि शेजारी हिरवी भिंत! पहिला नंबर, शिइना! मी उठलोच. "हरकत आहे! मूळ माझ्या कुंडीत आहे!" उबुकाताबाईंनी चष्म्यावरनं बघितलं. "कुरामोचीसान, स्पर्धा सावलीची आहे, मुळांची नाही. खाली बसा." बसलो. काय करणार?

इथवर मी गिळलं असतं. पण शिइना सरळ माणूस, आणि सरळ माणसासारखा वैरी नाही. माइकवर गेला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "मी काहीच केलं नाही हो. दुपारी कुरामोचीसान घोरायला लागले की फुमिएसान यायच्या आणि एकेक शेंडा लोकरीनं माझ्या जाळीला बांधायच्या. टाळ्या त्यांना द्या." पुन्हा कडकडाट! आणि या खेपेला, तुम्हाला सांगतो, फुमिएसुद्धा टाळ्या वाजवत होती!

जिना चढून घरी आलो. दारात म्हणालो, "फुमिए, तू? इतक्या वर्षांचा संसार, आणि केसानं गळा कापलास?" ती शांतपणे चपला जोडून ठेवत म्हणाली, "अहो, गळा तुमचा होता, एसी माझा होता. माझ्या शिवणाच्या कमाईचा. भर सभेत देऊन टाकलात, तेव्हा विचारलंत मला?"

बोला! मी आपल्या माझ्याही चपला तिच्या शेजारी जोडून ठेवल्या.

संध्याकाळी बेल वाजली. शिइना, हातात पिशवी. "आमच्या वेलाची कारली. घ्या, गोड मानून घ्या." आमच्या! फुमिएनं अंडं आणि टोफू घालून परतली. कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. आणि शिइनाच्या हातून आलेलं तर विचारूच नका. मी घास घोळवत बसलो होतो, एवढ्यात वर 'टिक' झालं. टकलावर गार झुळूक. मी मान वर केली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता! फुमिए म्हणाली, "अठ्ठावीसवर ठेवलाय, उबुकाताबाईंच्या नियमानं. का बंद करू?"

पाणी कुणी घातलं, हे मी तिला विचारणार होतो. अगदी ओठावर आलं होतं हो... पण तोंडातून निघालं ते एवढंच, "फुमिए... सव्वीस कर गं."