कबूल केलेलीला फाशी नाही

१६९२ साली, चेटकिणींच्या खटल्यांच्या दिवसांत, अमेरिकेतल्या सेलमच्या कारागृहाच्या खिडकीशी सबमिट नावाची बाई आपल्या बंदिवान धाकट्या बहिणीची, डॉर्कसची, विनवणी करीत होती. मागे वृद्ध एलिफलेट आत कैदेत असलेल्या आपल्या पत्नीसाठी भाकरी घेऊन तिष्ठत उभे होते.

“अगं, ‘मी चेटकीण आहे’ एवढंच म्हण! कबूल केलेली एकही फासावर गेली नाही.”

“पण मी चेटकीण नाही.”

“ते काय मला ठाऊक नाही? कुंपणावरून भांडलीस आणि शेजाऱ्याची गाय मेली, एवढाच तुझा गुन्हा!”

“मग देवासमोर खोटं बोलू?”

“पाद्रीबाबाच म्हणतात ना, कबूल कर!”

“आणि लगेच विचारतात, सोबत कोण होतं?”

“सांग की कुणाचंही नाव!”

“तुझं सांगू, ताई?”

सबमिटने खिडकीच्या गजावरचा हात काढून घेतला.

“एलिफलेटकाकांना विचार, काकूंचं नाव कुणी घेतलं ते.”

“आमच्या शेजारणीनं,” एलिफलेट म्हणाले. “ती वाचली.”