खुंटीवरची पिशवी

नाही काका, रडला-बिडला नाही दादा फोनवर – त्यानं शब्दाचा अर्थ सांगितला नाही, तिथंच मला खटकलं. एरवी फौजेतला नवा शब्द कानावर पडला की दादाचा मला फोन, आणि तो शब्द आला कुठून याची अख्खी कथा! शिक्षेच्या कोठडीला ते सासरवाडी म्हणतात – का? तर बसल्या जागी जेवण मिळतं. तोफेचा गोळा म्हणजे पाहुणा, कारण न कळवता येतो. त्यावर आई इतकी हसली, की आता दाराची बेल वाजली तरी म्हणते, ‘पाहुणा आला’ – मी मात्र दचकते हो, आत्ता तुमची कात्री पडली तेव्हाही दचकले. असो. काल म्हणाला, ‘‘चिमणे, मी खुंटीवर आहे गं.’’ मी म्हटलं, खुंटीवर म्हणजे? तर म्हणे, ‘‘आईला गोळ्या वेळेवर देत जा.’’ आणि ठेवलाच फोन.

तुमची उभी हयात फौजेचे गणवेश शिवण्यात गेली, तुम्हाला माहीत असणार. सुट्टीच ना? कपडे खुंटीला अडकवले आणि निघाले घरी – असंच ना? काका, मशीन का थांबवलंत?

अगदी पुढच्या, शत्रूसमोरच्या ठाण्यावर जाताना? मागं खुंटीला पिशवी अडकवून – घड्याळ, पाकीट, फोन, सगळं त्यात? आणि परतला की ज्याची त्यानं काढून घ्यायची. आणि नाही परतला तर – नको, नका सांगू. म्हणजे मी वेडी सकाळपासून त्या पिशवीलाच फोन लावतेय!

थांबा, छावणीचा नंबर आहे माझ्याकडे – हा बघा, पुन्हा एंगेज. तिथं त्याला बोका म्हणतात, भटारखान्यातली दूध पावडर चोरतो म्हणून. सगळ्यांना अशीच नावं. खरं नाव कुणी घेतच नाही म्हणे, ते फक्त पिशवीवर लिहिलेलं – मला वाटलं, धोब्याची पिशवी असेल. ती ही खुंटीवरचीच का, काका? पुन्हा लावते – वाजतेय! काका, रिंग जातेय – हॅलो? हॅलो, मी बोक्याची बहीण बोलतेय, बोका आहे का हो तिथं? बोका... हो, बहीणच, सख्खी... काका – काका, हे त्याचं खरं नाव घेतायत.