मेसीचा बूट

(ओक्लाहोमातल्या एका लहान गावातलं स्वयंपाकघर, गुरुवारची सकाळ. टेबलावर सहा वर्षांच्या नातीचा, मेसीचा, गुलाबी रबरी बूट. डॉयल आणि त्याची बायको व्हर्लीन.)

व्हर्लीन : म्हणे उंदराने कुरतडला. उंदीर असा गोल कुरतडतो का रे? वरून आत आणि तळातून बाहेर?

डॉयल : जरा हळू बोल.

व्हर्लीन : कोण ऐकतंय, गाई? तुझ्या गाडीच्या सीटवरचं ब्लँकेट काढून बघितलंय मी. तिथेही भोक आहे. माझं बोट आत गेलं. आता खरं बोल.

डॉयल : मंगळवारी झालं. पोस्टासमोर.

व्हर्लीन : पुढे.

डॉयल : पोस्टात पिस्तूल नेता येत नाही. म्हणून कमरेचं काढून गाडीच्या खणात ठेवलं. तिकिटं घेऊन आलो आणि परत कमरेच्या होल्स्टरमध्ये खोचायला गेलो. बसल्या बसल्याच.

व्हर्लीन : सीटबेल्ट लावून?

डॉयल : हो.

व्हर्लीन : खाली न बघता?

डॉयल : अगं, रोजचंच आहे ते. बाबांचं होल्स्टर, चामडं पार मऊ पडलंय. त्याची कड आत दुमडली आणि चापात अडकली. मी वरून दाबलं, सुटली गोळी. सीटमधून थेट मागे राहिलेल्या मेसीच्या बुटात.

व्हर्लीन : दर शनिवारी पिस्तुलाच्या वर्गात लोकांकडून पैसे घेऊन काय शिकवतोस रे? मला पाठ झालंय. मऊ पडलेलं होल्स्टर कचऱ्यात टाका. खोचताना उभे राहा, खाली बघा, घाई नको. त्यापेक्षा होल्स्टरसकटच काढा आणि तसंच लावा. कोण सांगतं हे?

डॉयल : मीच.

व्हर्लीन : मग?

डॉयल : बाबांची तेवढी एकच वस्तू उरलीय गं.

व्हर्लीन : बाबा असते तर त्यांनी पट्ट्यानं झोडपलं असतं तुला.

डॉयल : कुणाला लागलं नाही. माझ्या मांडीला नुसतं भाजलंय.

व्हर्लीन : दर बुधवारी शाळेतून येताना मेसी तुझ्या सीटमागे बसते, डॉयल. हा बूट घालून. मंगळवार होता म्हणून वाचली, तुझ्या अकलेमुळे नाही. आणि काल तिला त्याच गाडीतून आणलंस. तिनं बुटाचं विचारलं तर उंदराची गोष्ट सांगितलीस. लाज कशी वाटली नाही?

डॉयल : वाटली. दोन रात्री डोळा लागला नाही माझा.

व्हर्लीन : मग शनिवारी वर्गात सगळं सांग.

डॉयल : या शनिवारी ट्रिना येणार आहे वर्गाला.

व्हर्लीन : म्हणूनच. नुसती सून नाही ती, मेसीची आई आहे.

डॉयल : मेसीला परत माझ्या गाडीत बसू देणार नाही ती.

व्हर्लीन : नाहीच देणार. मीही दिलं नसतं.

डॉयल : बुधवारचा तेवढा अर्धा तास मिळतो गं मला. मागे बसून गाणी म्हणत असते ती.

व्हर्लीन : रडू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही.

डॉयल : बूट नेऊ वर्गात?

व्हर्लीन : बूट ने, होल्स्टरही ने. दोन्ही टेबलावर ठेव आणि मग तोंड उघड.

डॉयल : आणि बुधवारी तिला कोण आणणार?

व्हर्लीन : मी. बावीस वर्षं शाळेची बस चालवलीय.

डॉयल : मी काय करू मग?

व्हर्लीन : ओसरीवर थांब. धावत येईल ती, उचलून घे. कमरेला काही नको.